मामांच्या घड्याळाची कड

माझ्या सासऱ्यांचं घड्याळ मी खराब केलं. हे वाक्य मी काही महिने तोंडात धरून फिरत होतो, म्हणून आधी ते लिहून टाकतो.

आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. मामा दौंडला राहतात. रेल्वेत खलाशी, म्हणजे हाताखालचा मदतनीस, म्हणून लागले, फिटर म्हणून निवृत्त झाले. मी शिरूरचा. जवळच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये इन्स्पेक्शनला आहे. आमच्याकडे महागड्या परदेशी घड्याळांच्या केस येतात. केस म्हणजे घड्याळाचं धातूचं घर, बाकी सगळं त्यात बसतं. तिच्यावर शेवटचा हात आम्ही फिरवतो. काही भाग आरशासारखा चकचकीत करायचा, काही भागावर एकाच दिशेनं बारीक रेघा ओढून तो मंद ठेवायचा. या दोन भागांच्या मध्ये एक कड असते. घड्याळाची सगळी ऐट त्या कडेत असते. ती धारदार दिसली पाहिजे, पण बोटाला लागता कामा नये. बफच्या, म्हणजे पॉलिशच्या कापडी चाकावर केस क्षणभर जास्त धरली की कड गोल होते, वापरलेल्या साबणाच्या वडीसारखी. गेलेलं पोलाद परत आणता येत नाही. अशी केस मी भिंगातून ओळखतो, तिला लाल स्टिकर लावतो आणि बाजूच्या ट्रेमध्ये टाकतो. वीस वर्षं मी हेच करत आलो आहे. लोकांच्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो.

मामांची पंचाहत्तरी झाली तेव्हा माझ्या मेव्हण्याला जर्मनीहून येता आलं नाही. त्यानं मित्राच्या हाती घड्याळ पाठवलं. तसंच एक त्यानं स्वतःलाही घेतलं होतं. मामांनी ते मनगटावर चढवलं, उन्हात धरलं, आणि मला मोरीच्या बाजूला बोलावून घेतलं.

"पाव्हणं, आमच्या पोराला फसवलं हो."

"का मामा?"

"हे बघा. अर्धंच पॉलिश केलंय. हितं चकाचक आन् हितं मळकट. पाळी सुटायचा भोंगा झाला आसंल, दिलं टाकून."

"मामा, ते मुद्दाम तसं..."

"मुद्दाम? मुद्दाम कोण काम अर्धं सोडतं? आमच्या लोकोशेडात इंजिनाचं पितळ आसं ठिवलं आसतं तर फोरमननं चार्जशीट दिली आसती." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही त्याच लायनीतले. तुमच्या हातानं पुरं करून आना. आन् पोराला कळू देऊ नका, वाईट वाटंल त्याला."

इथं मी नाही म्हणायला हवं होतं. मंद भागच खरा कसबाचा असतो, हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण मी दारात गेलो की मामा उठून उभे राहतात. लग्नाला बावीस वर्षं झाली तरी मला तुम्ही म्हणतात. जो पंचाहत्तर वर्षांचा माणूस आपल्यासाठी गुडघे धरून उभा राहतो, त्याला नाही कसं म्हणायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी घड्याळ रुमालात बांधलं.

शिरूरच्या घड्याळजीकडून आतलं मशीन आणि काच काढून घेतली. रविवारी शेडमध्ये बिहारचा एक पॉलिशवाला ओव्हरटाइमला होता. त्याला सगळे उस्ताद म्हणतात. सगळ्यात जास्त लाल स्टिकर मी त्यालाच लावले असतील, आणि सगळ्यात चांगला हातही त्याचाच आहे. मी केस त्याच्यापुढे ठेवली आणि पूर्ण चकचकीत करून दे म्हणालो. त्यानं ती भिंगाशिवाय पाहिली.

"साहब, ये मत करवाओ. लाइन मर जाएगी."

"घरचं आहे."

"घर का है तो और मत करो."

त्यानं आपलं मशीन बंद केलं आणि पाठ करून उभा राहिला. मग मीच चाकावर बसलो. इन्स्पेक्शनला आल्यापासून मी चाकाला हात लावला नव्हता. दहा मिनिटांत सगळी केस स्टीलच्या वाटीसारखी झाली. चारही बाजूंच्या कडा गेल्या. उस्ताद वळला, त्यानं बघितलं, माझ्या टेबलावरची लाल स्टिकरची रीळ आणली आणि माझ्यापुढे ठेवली. मी ती ड्रॉवरमध्ये टाकली. वीस वर्षांत एकच खराब केस मी जाणूनबुजून पास केली, ती ही.

मशीन आणि काच परत बसवून घड्याळ दौंडला नेलं. मामा खूश झाले. "आता कसं, तोंड दिसतंय!" म्हणत त्यांनी केसच्या बाजूत मिशी पाहिली. लगेच मला स्टेशनबाहेरच्या त्यांच्या कट्ट्यावर घेऊन गेले. तिथं निवृत्त रेल्वेवाले बसतात.

"आमच्या पाव्हण्यांनी जर्मनीवाल्यांचं राहिलेलं काम पुरं केलं," मामांनी जाहीर केलं.

एका म्हाताऱ्यानं घड्याळ तोंडाजवळ नेलं आणि उन्हाच्या तिरपेनं डोळे मिटले. "आरं पण टाइम किती झालाय? दिसंना की."

"टाइमचं काय घिऊन बसलास? चकाकी बघ!"

मग दोघांनी आपली घड्याळं काढून माझ्या हातात दिली. तिसऱ्यानं चष्मा दिला, त्याची दांडी मळकट होती.

तेव्हापासून मला दौंडला जाववेना, आणि गेल्याशिवाय राहवेनाही. वाटायचं, कदाचित एवढं वाईट झालं नसेल. एका दुपारी मामा जेवून आडवे झाले होते, घोरत होते, हात पलंगाबाहेर आला होता. मी खिशातलं भिंग डोळ्याला लावलं आणि मनगटाजवळ वाकलो. चांगलं बघता यावं म्हणून मनगट हलकेच उचललं. तेवढ्यात मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, आत आल्या.

"आगं बया! नाडी लागंना व्हय?"

मी काही बोलायच्या आत त्या अंगणात पोचल्या होत्या. शेजारचे तिघं धावत आले. एकानं मामांच्या छातीवर दोन गुद्दे घातले. मामा उठून म्हणाले, "कुनाचं काय झालं?" तोवर कुणीतरी रिक्षा बोलावली होती. रिक्षावाला रिकामा जायला तयार नव्हता, म्हणून मामांना दवाखान्यात नेऊन रक्तदाब मोजून आणला. तो बरा निघाला. माझा जास्त होता.

त्या दिवसापासून मामी सगळ्यांना सांगायच्या, "आमचं जावई झोपेत बी ह्यांची नाडी बघत्यात." बायकोनं रडून माझा हात हातात घेतला. मी तो तसाच राहू दिला, हीसुद्धा माझी चूकच.

दिवाळीला मेव्हणा आला. मामांच्या पाया पडला, उठताना त्यानं त्यांचा हात धरला, आणि त्याचा अंगठा घड्याळाच्या कडेवर थांबला. कड जिथं असायला हवी तिथं. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"बघितलंस का?" मामा म्हणाले. "तुझ्या कंपनीनं अर्धं सोडलं हुतं. दाजींनी पुरं केलं."

"छान दिसतंय, आबा," तो म्हणाला.

"आता तुझं काढ."

"माझं?"

"तुझं बी तसंच हाय की, अर्धं. दाजी हितंच हायत, जाताना घिऊन जातील."

माझा मेव्हणा जर्मनीत चाळीस माणसांवर साहेब आहे. त्यानं गुपचूप पट्ट्याची कळ उघडली आणि घड्याळ माझ्या तळहातावर ठेवलं. "दाजी, सावकाश करा," एवढंच म्हणाला. त्याचा आवाज घरच्या माणसाला ऑपरेशनसाठी आत सोडताना होतो तसा होता.

घड्याळ अजून कोमट होतं. त्याच्या कडा मला तळहातावर कळत होत्या. मामांच्याही घड्याळाला अशाच होत्या.

"मामा, मी हे करणार नाही."

"का? सुट्टी न्हाई व्हय?"

"सुट्टी आहे. पण तुमचं घड्याळ मी खराब केलंय. कंपनीनं काम पुरंच केलं होतं. तो भाग मंद ठेवणं हेच तर काम होतं. मला ते माहीत होतं, तरी मी केलं."

मामी चकल्यांचं ताट घेऊन दारातच थांबल्या. मामांनी चष्मा लावला, दोन्ही घड्याळं घेतली आणि उजेडात जाऊन उभे राहिले. आधी लेकाच्या घड्याळावरून नख फिरवलं, मग स्वतःच्या. कितीतरी वेळ ते तेवढंच करत होते. फिटरच्या बोटांना कड कळायला भिंग लागत नाही.

"म्हंजी तुम्ही ह्याची कड मारली."

"व्हय मामा."

"माझ्या हाताखालच्या मानसानं आशी कड मारली आसती, तर कानाखाली वाजवली आसती."

"वाजवा मामा."

"जावयाच्या?" त्यांनी मामींकडे पाहिलं. मामींनी मान हलवली. "रीतीत न्हाई बसत ते. पर पयल्याच दिशी का न्हाई बोललात?"

"तुम्ही सांगितलं होतं म्हणून."

"मी वाफंच्या इंजिनावरला मानूस. मला घड्याळातलं काय कळतंय? कळणारं तुम्ही. आन् तुम्हीच गप?" मग लेकाचं घड्याळ त्याला परत दिलं. "घाल. तू बी तसलाच. मुकाट काढून दिलंस."

उस्तादाकडून रेघा परत ओढून आणतो, कड येणार नाही पण थोडं बरं दिसेल, असं मी म्हणालो. मामा म्हणाले, "नगं. आनिक पोलाद घालवू नका."

सांगून टाकलं की हलकं वाटेल, असा माझा समज होता. पण मामा ते घड्याळ रोज घालतात, आणि आता वेगळी जाहिरात करतात. परवा शिरूरला एका साखरपुड्यात एका अनोळखी पाहुण्यानं सहज विचारलं, घड्याळ नवं का. मामांनी मनगट पुढे केलं.

"हे आमच्या जावयानं बिघडवलं. आन् सोताहून कबूल केलं, बरं का. कुनी इचारलं नव्हतं." आवाजात पूर्वीइतकाच अभिमान. मग त्यांनी पाहुण्याचं बोट धरून केसवरून फिरवलं. "हितं धार हुती. व्हय ना, पाव्हणं?"

"होती," मी म्हणालो. "माझ्या हातानं गेली."

पाहुण्यानं माझ्याकडे पाहून नमस्कार केला आणि स्वतःचं घड्याळ हळूच बाहीत सरकवलं.