काजळीचा आळ

मिस्त्रींचा स्वभावच असा, की एकदा तोंडातून निघालं ते निघालं. गिऱ्हाइकाने बोनेट उघडायच्या आत ते गाडीचा आजार सांगून मोकळे. बहुतेक वेळा तो बरोबरही निघे, तीच तर पंचाईत.

शाळेची एक व्हॅन काळा धूर ओकत, चढावर धापा टाकत त्यांच्याकडे आली. सायलेन्सरकडे निघालेला थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा एक व्हॉल्व्ह असतो, ईजीआर म्हणतात त्याला. तो काजळीने गच्च भरला होता. मिस्त्रींनी साफ करून दिला. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मात्र ते वैतागून मालकाला म्हणाले, "दोष गाडीत नाही, चालवणाऱ्यात आहे. गाडी उभी आणि इंजिन चालू, असा कारभार आहे याचा. गिअरही भलताच टाकतो." ड्रायव्हर शेजारीच उभे होते, वीस वर्षं गाडी चालवलेला माणूस. ते किल्ली घेऊन व्हॅनमध्ये जाऊन बसले. त्याच आठवड्यात मालकाने त्यांना घरी बसवलं.

नवा ड्रायव्हर आला आणि दोन महिन्यांत व्हॅन पुन्हा दारात. या वेळी मिस्त्री आधी तपासायला बसले. इंजिनाची हवेची ओढ व्हॉल्व्हपर्यंत नेऊन तो उघडणारी बारीक नळी त्यांनी काढली, इंजिन चालू ठेवून तिच्या तोंडावर बोट ठेवलं, ते ओढीने चिकटलं. मग ती ओढ सोडणाऱ्या-अडवणाऱ्या सोलेनॉइडची, म्हणजे विजेवरच्या खटक्याची, वायर उपसली. वीज तुटली की ओढ थांबते, आता बोट सुटायला हवं होतं. सुटलं नाही. सोलेनॉइड अडकला होता, म्हणून व्हॉल्व्ह सदा उघडा, म्हणून काजळी. दोन मिनिटांची तपासणी, पण उत्तर आधीच ठाऊक असलेल्या शहाण्याला ती करायला सवड कुठली!

चूक माझी, जुन्या ड्रायव्हरला परत घ्या, असं मिस्त्रींनी सांगितलं, तर मालक म्हणाला, "जाऊ द्या हो, नवा माणूसही चांगला आहे."

संध्याकाळी मिस्त्री जुन्या ड्रायव्हरच्या घरी गेले. त्यांच्या बायकोने पाणी दिलं. पेला हातात धरूनच मिस्त्रींनी एका दमात सगळं सांगून टाकलं. स्वतःची इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

"तेव्हा बोलला का नाहीत? चार शिव्या तरी घालायच्या मला!"

"काय बोलणार, मिस्त्री? तुम्ही म्हणालात म्हणजे खरंच असणार, असं वाटलं. नंतर दोन शाळांनी बोलावलं होतं, मीच नाही म्हटलं. लहान मुलांची गाडी, आपल्यालाच धड चालवता येत नसेल तर कशाला?"

"अजून खुर्चीत बसल्या बसल्या क्लच दाबतात हे," बायको म्हणाली. "आपलं कुठे चुकायचं, ते शोधतात."

मिस्त्रींनी ड्रायव्हरच्या क्लच दाबणाऱ्या डाव्या पायाकडे पाहिलं. पेला खाली ठेवायचंही त्यांना सुचेना.