चाव्यांना गावांची नावं

आमच्या लातूरच्या घरात भाड्याच्या नऊ खोल्या आहेत, नांदेडला चार. क्लाससाठी आलेली मुलं-मुली राहतात. प्रत्येक खोलीची दुसरी चावी आमच्याकडे असते. आमचे यजमान तिच्या चिठ्ठीवर खोलीचा नंबर न लिहिता भाडेकरूचं गाव लिहायचे. लोहा, माहूर, देगलूर. "नंबर भिंतीला असतो, माणसाला गाव असतं," म्हणायचे. मी चिडायचे. ते गेल्यावर सगळ्या चाव्या माझ्या गळ्यात पडल्या. पोरं बदलत गेली, चिठ्ठ्या बदलायचा मात्र मी आळस केला.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी उदगीरहून फोन आला. वरच्या मजल्यावर एकटी राहणाऱ्या मुलीची आई बोलत होती. सराव परीक्षेत पोरीला मार्क कमी पडले होते आणि सकाळपासून ती फोन उचलत नव्हती.

"अक्का, जरा दार उघडून बघा की. माझा जीव लई घाबरा व्हायलाय."

फोन चालू ठेवूनच मी वर गेले. दार वाजवलं, हाका मारल्या. आतून हूं नाही की चूं नाही. 'उदगीर' लिहिलेली चावी लॅचला लावली, ती फिरेना. मग आठवलं, ती नांदेडच्या खोलीची. तिथं पूर्वी उदगीरचाच एक मुलगा राहायचा. तहान लागल्यावर विहीर खणायची म्हणतात, ती माझी गत. चाव्यांचा डबा जमिनीवर पालथा केला आणि एकेक लावत सुटले. घाईत एकच चावी दोनदा लावली. मनातल्या मनात यजमानांना वाटेल ते बोलले, मग स्वतःला.

शेवटी 'लोहा' लिहिलेल्या चावीनं दार उघडलं.

पोरगी दारापासून हातभर अंतरावर भिंतीला टेकून बसली होती. धडधाकट, डोळे उघडे. मला खरं तर रडू यायला हवं होतं, पण आला संताप. "अगं, ऐकू येत नव्हतं का तुला? इथं माझा प्राण कंठाशी आला!"

"येत होतं, काकू," ती हळूच म्हणाली. "तुम्ही कंटाळून परत जाताव का, तेच बघत होते."

मी तिच्याशेजारी फरशीवर बसले. माझ्या हातातला फोन अजून चालूच होता. तिच्या आईनंही ते ऐकलं.