टोकियोतली विरक्त बाई

मेधा गेल्यावर मला एका जपानी बाईने वैराग्य शिकवलं, आणि त्यात त्या बाईचा काहीही दोष नव्हता.

मेधा, माझी बायको, दर महिन्याला आमच्या आयर्लंडमधल्या, ॲडम्सटाउनच्या घरी चार मैत्रिणी जमवून जपानी चित्रकथा वाचायची. मोठ्या बायकांसाठीच्या: नोकरी, शहर, खरेदी, एकटेपण. ती गेली आणि हे वाचनमंडळ बंद करायचं ठरू लागलं. घरातला तेवढा एकच गलबला उरला होता. तो मला सोडवेना. म्हटलं, "या वेळी पुस्तकावर मी बोलतो." (मी! लग्नातला उखाणासुद्धा कागदावर बघून घेतलेला माणूस!)

पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर इंग्रजीत ठळक अक्षरं: 'थांबा! तुम्ही चुकीच्या दिशेने चालला आहात.' काय ही सुरुवात! मी खरोखरच डोळे मिटून जरा वेळ थांबलो. मग पुढे निघालो.

आणि थक्क झालो. नायिकेचं घर पिशव्यांनी, बुटांनी गच्च. एकेक पर्स ती दुकानात नेऊन परत करते. विक्रेती कमरेत वाकून ती काचेत मांडते. घर रितं होत जातं, चेहरा पानागणिक तरुण! कोणी प्रश्न विचारायच्या आत ती उत्तर देते! शेवटी त्या झगमगाटात एकच बॅग घेऊन ती स्टेशनबाहेर उभी, मान वर करून इमारतींकडे बघत. पानावर शब्द नाही. दुसऱ्या दिवशी माझा एकुलता एक जाड कोट दान करून आलो. (आयर्लंडमध्ये!)

बैठकीत मी म्हणालो, "सर्वस्व त्यागून ती शहर सोडते."



"भाऊजी," मेधाची मैत्रीण शुभदा म्हणाली, "अहो, ती गावाहून शहरात येते. मग खरेदी करत सुटते."

"येते? जाते!"

"बाबा!" स्वयंपाकघरातून आमची लेक इरा ओरडली. "यू रेड इट बॅकवर्ड्स!"

"जपानी पुस्तक उजवीकडून वाचतात हो!" शुभदा म्हणाली. "'थांबा' लिहिलेलं दिसलं नाही?"

"दिसलं की! थांबलो होतो!"

शुभदा हसता हसता सोफ्यावर आडवी झाली. मेधा गेल्यापासून या घरात कोणी असं हसलं नव्हतं. "बंद कसलं करताय मंडळ!" डोळे पुसत ती म्हणाली. "पुढचं पुस्तकही भाऊजीच सांगणार. असंच!"

आता मी मंडळाचा रीतसर सभासद आहे. हुशारीत म्हणाल, तर शेवटून पहिला!