वरची सळई खाली

वाळूच्या ढिगात फावडं खणकन् वाजलं तेव्हा टेकू मिस्त्रीला वाटलं, दगड असेल. हातानं उकरलं तर वाकवलेल्या सळईचा तुकडा निघाला. मग दुसरा. मग तिसरा. असे पंधरा निघाले आणि मिस्त्रीनं फावडं टाकलं.

कामावर त्या तुकड्याला चेअर म्हणतात. दिसायला बुटक्या घोडीसारखी. काँक्रीट ओतताना माणसं सळईवर चालतात, सळई खाली दबते. ती दबू नये म्हणून तिच्या पोटाखाली ही घोडी उभी करतात आणि ती कायमची काँक्रीटात गाडली जाते. ती बाहेर वाळूत सापडावी म्हणजे रोग्याच्या पोटात जायच्या गोळ्या उशीखाली सापडण्यातला प्रकार.

इमारतही दवाखान्याचीच होती. दारावर सहा फूट पुढं आलेला सज्जा, खाली ना खांब ना भिंत. माणसानं हात पुढं धरावा तसा नुसता धरलेला. इंग्रजीत त्याला कॅन्टिलिव्हर म्हणतात. ह्या जातीच्या सज्ज्याचा सगळा ताण वरच्या अंगाला. सळई वर असेल तरच तो उभा राहतो. खाली बसली की ती असून नसल्यासारखी. आणि त्या सज्ज्याखाली पुढं बाकडी येणार होती, बाकड्यांवर तापानं फणफणलेली माणसं.

उद्या सकाळी टेकू काढायचे होते. काढणार कोण? टेकू मिस्त्री.

नाव त्याला त्या धंद्यानंच दिलेलं. स्लॅबला फळ्या मारायच्या, खाली लाकडी टेकू ठोकायचे, काँक्रीट घट्ट झालं की काढायचे, हेच त्यानं तीस वर्षं केलं. माणूसही टेकूसारखाच, उभा आणि वाळका. शाळा चौथीपर्यंत. पण इमारतीचे इंग्रजी शब्द विचारा! प्लिंथ, लिंटेल, सिल, पॅरापेट, सॉफिट, सगळे पाठ. सिमेंटच्या पिशवीचे कागद बांधायच्या तारेनं शिवून त्यानं वही केली होती. पानावर पेन्सिलीनं चित्र, चित्राखाली आपल्या अक्षरात शब्द.

ही हौस नव्हती, भीती होती. उमेदीत एका साहेबानं त्याला इंग्रजीत काहीतरी सांगितलं, ह्यानं मान डोलावली, आणि दोन हात उंचीची भिंत चुकीच्या जागी उठली. साहेबानं सगळ्यांदेखत ती लाथेनं पाडली. त्या दिवसापासून मिस्त्री न कळलेल्या शब्दाला विंचवासारखा घाबरायचा. दिसला की धरून वहीत कोंडायचा.

पण वहीत होती ती नुसती वस्तूंची नावं. वस्तूंविषयी बोलायचं कसं, ते त्याला येत नव्हतं. आणि उद्या तपासणीला येणाऱ्या इंजिनीअर मॅडमना इंग्रजीखेरीज काही येत नव्हतं. मध्ये दुभाषा असायचा तो ठेकेदार.

पंधरा चेअर पिशवीत भरून मिस्त्री दिवेलागणीला लेकीच्या घरी गेला. जिना चढताना पिशवी खुळखुळ वाजत होती आणि प्रत्येक पायरीला त्याला वाटत होतं, परत फिरावं. कारण सज्ज्याचं लोखंड बांधलं होतं त्याच्या जावयानं. आणि ओतायच्या दिवशी मिस्त्री दाढ उपटायला गेला होता.

लेक पीठ मळत होती. दहावीपर्यंत शिकलेली, त्यामुळं वहीतले अर्धे शब्द तिनंच सांगितलेले.

"बाबा, दाढ बरी आहे का?"

"गेली ती सुटली. एक वाक्य सांग इंग्रजीत. वरची सळई खाली बसलीय, टेकू काढू नका."

"आज एकदम वाक्य?" ती हसली. "काय, साहेब व्हायचा विचार आहे?"

मिस्त्री हसला नाही. त्यानं पिशवी फरशीवर पालथी केली. लेकीनं चेअर ओळखल्या. मिस्त्रीची लेक आणि लोखंडवाल्याची बायको ती, ओळखणारच. पिठाचे हात तसेच धरून ती उभी राहिली.

"ह्यांचं काम?"

तेवढ्यात जावई दारात आला. फरशीवर बघितलं आणि चपला न काढताच खाली बसला.

"जावईबापू," मिस्त्री म्हणाला, "ही पिलावळ वाळूत कशी गेली?"

"मामा, काँक्रीट बसवायला व्हायब्रेटर घातला की ह्यांच्यात अडकत होता. म्हटलं, काढतो आणि पुढं गेलं की परत ठेवतो. तर काँक्रीटची दुसरी गाडी आली. ठेकेदार डोक्यावर उभा. त्याला सांगितलं तर म्हणाला, गप बस, दोन बोटं जाड ओतू."

"दोन बोटं जाड! म्हणजे बिनहाडाच्या माणसाला जाड केलं की तो धावतो होय? आणि मला का नाही सांगितलं?"

"तुमचा गाल हा एवढा फुगलेला. तुम्ही आठ दिवस माझ्याशी खुणेनं बोलत होता."

हे खरं होतं.

जावई हात जोडून म्हणाला, "मामा, हे बाहेर आलं तर मला लोखंडाला कोणी हात लावू देणार नाही. कदाचित धरेलही सज्जा. मागं एका ठिकाणी धरलाय."

"मागच्या ठिकाणी खाली कोण उभं होतं?" लेकीनं विचारलं.

त्यानं आता कुठं चपला काढल्या.

"उद्या टेकू काढताना खाली कोण असतं, ते तरी माहीत आहे ना? का तेही मीच सांगू?"

तिनं हात पुसले, वही ओढली आणि नवऱ्यादेखत वाक्य लिहिलं. द टॉप स्टील हॅज गॉन डाऊन. डू नॉट रिमूव्ह द प्रॉप्स. मग बापाकडून वीस वेळा म्हणून घेतलं. तिचा आवाज एकदाही हलला नाही. पीठ मात्र तिनं नंतर असं तिंबलं की परात नाचत होती.

सकाळी मॅडम आल्या. पिवळी टोपी, हातात नकाशाची गुंडाळी. सज्ज्याखाली टेकूंची दाट रांग. मिस्त्री रांगेत शिरला. नेहमीचा स्लॅब मधून मोकळा करतात. असा पुढं आलेला सज्जा मात्र बाहेरच्या टोकाकडून भिंतीकडं. म्हणजे पहिला टेकू टोकाचा. त्यानं त्याच्यावर हातोडीची मूठ वाजवली. मोकळा टेकू भद्द वाजतो. हा टणकन् वाजला. खालची पाचर हातानं हलवून बघितली, तर दातांत धरल्यासारखी गच्च. अख्खा सज्जा त्या लाकडावर बसून होता.

मॅडम काहीतरी बोलल्या. त्यातले कॅन्टिलिव्हर आणि प्रॉप्स एवढे दोन शब्द त्याला सापडले.

"त्यांना सांग, वरची सळई बसलीय," मिस्त्री ठेकेदाराला म्हणाला.

ठेकेदार मॅडमकडं बघून गोड हसला. "ही सेज एव्हरीथिंग इज ओके, मॅडम."

ओके तर शेळ्या राखणाऱ्यालाही कळतं. मग तोच ठेकेदार, ओठ न हलवता, आपल्या भाषेत म्हणाला, "म्हाताऱ्या, पाचर काढ. नाहीतर सासरा-जावई दोघंही उद्यापासून घरी."

मिस्त्रीनं तोंड उघडलं. वीस वेळा म्हटलेलं वाक्य तिथं नव्हतं. दाढ गेलेल्या खड्ड्यात पडल्यासारखं गडप. मॅडमनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. ठेकेदारानं एका गड्याला खूण केली, आणि गडी हातोडी घेऊन टोकाच्या टेकूकडं निघाला.

"मॅडम!" मिस्त्री ओरडला. स्वतःच्याच आवाजानं दचकला. "मॅडम, नो ओके!"

गडी थांबला. मिस्त्रीनं वही उघडून सज्ज्याचं चित्र मॅडमच्या नाकासमोर धरलं आणि वरच्या रेघेवर बोट ठेवलं. "कॅन्टिलिव्हर. टॉप स्टील. नो टॉप." बोट खालच्या रेघेवर आणलं. "बॉटम. ऑल बॉटम." मग पिशवी त्यांच्या पायाशी रिकामी केली. "चेअर. फिफ्टीन. आउटसाइड."

मॅडमनी चेअरकडं बघितलं, वर सज्ज्याकडं बघितलं, आणि दोन पावलं मागं सरून सज्ज्याखालून बाहेर आल्या. त्या घाबरल्या, हे बघून मिस्त्रीला पहिल्यांदा जरा बरं वाटलं. म्हणजे कळलं होतं.

ठेकेदार घाईघाईनं बोलू लागला, तर त्यांनी हात वर करून त्याला गप्प केलं. "हू टाइड धिस?" मिस्त्रीकडं बघून विचारलं.

लोखंड कोणी बांधलं, हा प्रश्न मिस्त्रीला कळला नाही असं नाही. तो वही मिटून उभा राहिला. मागून सळईवाल्यांच्या घोळक्यातून जावई पुढं आला आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मग तेच बोट ठेकेदाराकडं वळवलं.

त्याच दिवशी सज्ज्याला वरून भोक पाडून बघितलं. सळई हातभर नव्हे, पण चार बोटं खाली. पडायला तेवढं पुरतं. टेकू जागेवर ठेवून सज्जा फोडायचा ठरला. ज्यानं बांधला त्यानंच फोडायचा, असं मॅडमनी सांगितलं, आणि जावयानं सहा दिवस घण मारला. हाताला फोड आले. सासऱ्याशी बोलला नाही. लेकही नवऱ्याशी कामापुरतंच बोलत होती.

सज्जा नव्यानं ओतला तेव्हा मिस्त्री पहाटेपासून फळी टाकून सळईवरच बसला. व्हायब्रेटर अडकला की शिव्या देत होता, पण एक घोडी हलू दिली नाही.

महिन्यानं पुन्हा टेकू काढायचा दिवस आला. ह्या वेळी सगळं बरोबर होतं, आणि मिस्त्रीची भीती मात्र होती तेवढीच. सगळ्यांना लांब उभं करून तो एकटा रांगेत शिरला. बघतो तर मागं जावई.

"बाहेर हो," मिस्त्री म्हणाला.

"नाही, मामा."

"डोकं एकच आहे तुला."

"तुम्हालाही एकच आहे."

महिन्यातलं त्यांचं हे पहिलं बोलणं. मिस्त्रीनं हातोडी उचलली. "मग वर बघू नकोस. पाचरीकडं बघ."

त्यानं टोकाच्या पाचरीवर टोला घातला. दुसरा घातला. तिसऱ्याला पाचर सुटून जावयाच्या पायाशी पडली. टेकू सैल होऊन भिंतीकडं कलला. जावयानं तो कवेत धरला, आणि दोघंही वर कान लावून उभे राहिले.

वरून काहीच आवाज आला नाही.

"पुढचा," मिस्त्री म्हणाला.