अधिक ज्येष्ठाची किल्ली

श्रीलक्ष्मीनृसिंहाच्या चरणी मस्तक ठेवून, आज वैशाख शुद्ध चतुर्दशीला, त्याच्या जयंतीच्या दिवशी, हे पत्र सिंगापूरहून लिहीत आहे. कृष्णाकाठच्या आमच्या गावी राहिलेल्या चारही घरांसाठी ते आहे. आणि पोटासाठी, लेकरांसाठी किंवा लाजेपोटी जे देशांतराला गेले, त्यांच्यासाठीही.

आठ वर्षांपूर्वी पहाटेच्या एस.टी.ने मी गाव सोडले. भावजय दाराआड उभी होती. हातावर दही घालायला कोणी पुढे आले नाही. गाडी देवळावरून गेली तेव्हा हात जोडण्यासाठी उचलले आणि तसेच खाली घेतले. नखांत रक्त उरले नव्हते, तरी सबंध वाट मी ते पंच्यात गुंडाळून बसलो होतो. शास्त्रीबुवा लेकीकडे गेले, असे गाव म्हणाले. ते खोटे नव्हते, पण अर्धेच होते.

नृसिंहाची पूजा आमच्या चार घरांत महिन्यांनी वाटलेली. वैशाख माझा चुलतभाऊ दत्तू याचा, ज्येष्ठ माझा. अधिक मास आला की तेरावा महिना कोणाचा? माझे वडील आप्पा होते तोवर हा प्रश्नच नव्हता. अधिकात गाभाऱ्याची किल्ली देवापुढे ठेवलेली असे आणि चारही घरे मिळून पूजा करीत. आप्पा म्हणत, “भांडा खुशाल, पण उंबऱ्याबाहेर.”

आप्पा गेल्यानंतर ज्येष्ठ अधिक आला. त्याला नाव ज्येष्ठाचे, म्हणून पाळी माझी, असे मी म्हणालो. निज ज्येष्ठ लागेपर्यंत वैशाखाची पाळी चालू, असे दत्तू म्हणाला. दोघांपाशी शास्त्राधार होते. प्रतिपदेला पहाटे गाभाऱ्यात आम्ही दोघेच होतो. बाहेर गोमुखाखाली तीर्थासाठी बायका ओंजळ धरून उभ्या होत्या. पाणी आले ते लाल. पहिली किंकाळी त्यांची. मग सभामंडपात दोन्ही घरांचे तरणेताठे काठ्या-कोयते घेऊन एकमेकांवर तुटून पडले. एकाचे डोके फुटले, एकाची बोटे फरशीवर पडली, आणि माझ्या पुतण्याचा, माधवचा, हात कोपरात उलटा वळला. दत्तूचा डावा डोळा गेला. फौजदाराला तो म्हणाला, “पाय घसरला. समईवर पडलो.”

आता मी सेंगकांगला लेकीच्या फ्लॅटमध्ये, सोळाव्या मजल्यावर राहतो. सकाळी खालून एलआरटी या छोट्या आगगाडीची घरघर येते तेव्हा माझे विष्णुसहस्रनाम अर्ध्यावर असते. येथे तमिळ, चिनी, मलय शेजाऱ्यांची पादत्राणे एका ओळीत दाराबाहेर सुटलेली असतात. पहिल्या वर्षी ती ओळ पाहून मला रडू येई.

गेल्या आठवड्यात माधवचा फोन आला. यंदा पुन्हा ज्येष्ठच अधिक. “काका, दत्तूकाकांचा मुलगा अधिकातही किल्ली स्वतःकडेच ठेवणार म्हणतोय. तुम्ही फक्त निर्णय लिहून पाठवा, श्लोकासकट. बाकीचं आम्ही बघून घेतो. या वेळी आम्हीपण तयारीत आहोत.”

मी जेवणाच्या टेबलावर निर्णय लिहायला बसलो. समोर पंधरा वर्षांची नात इरा शाळेच्या प्रोजेक्टसाठी युरोपचा नकाशा रंगवीत होती. विषय होता, तिथे इतकी युद्धे का झाली.

“आजोबा, हे बघा, सगळे कझिन्सच आहेत लाह! एकमेकांच्या लग्नात जेवतात, मग एकमेकांचीच शहरं जाळतात.” ‘लाह’ हे इथल्या पोरांच्या बोलण्याचे शेपूट.

“आपल्याकडे त्याला भाऊबंदकी म्हणतात.”

“भाऊ... व्हॉट?”

मग तीच मला शिकवू लागली. डोंगर-नद्यांनी कापलेली, एकमेकांना चिकटलेली राज्ये. साऱ्यांना जिंकण्याइतके बळ एकातही नाही, आणि गप्प बसण्याइतका दुबळाही कोणी नाही. सोयरीक सगळ्यांत, म्हणून राजा मेला की चौघांचा हक्क. प्रत्येकाच्या पदरी धर्मपंडित. एकाने सैन्य वाढवले की शेजारी भयाने दुप्पट वाढवणार. जर्मन मुलखात तीस वर्षे देवाच्या नावाने कत्तल चालली. उरलेली माणसे गवत खाऊन जगली. पुढे पहिल्या महायुद्धात लाखो पोरे चरांच्या चिखलात सडली, आणि लढणाऱ्यांतले तीन राजे नात्याने भाऊ होते.

“त्यांच्यावर वडीलधारे कोणी नव्हते?” मी विचारले.

“पोप होता. पण नंतर अर्ध्यांनी त्यालाच मानायचं सोडलं.” ब्रश धुता धुता ती म्हणाली, “माधवमामा कालपण फोनवर ओरडत होता. तुमच्या टेंपलमध्ये एक्स्ट्रा मंथचा रूल काय होता?”

“पूर्वी चारही घरे मिळून पूजा करीत.”

“मग ते स्टॉप कोणी केलं?”

त्याचे उत्तर येथे देतो.

बंद मी केले. वडीलधारा आता मीच होतो, आणि तो अधिकार मी पंचांग उघडून स्वतःच्या घरासाठी वापरला. त्या पहाटे दत्तूचा पाय घसरला नाही. तो पाठमोरा अभिषेक करीत होता. मी हाक मारली. तो वळला, हातात फक्त तांब्या होता. मी पितळी समई उचलली आणि तोंडावर मारली. तो खाली बसल्यावर पुन्हा मारली. हातात समई असतानाही माझ्या मनात श्लोकच चालू होता, हे मला अजून विसरता येत नाही. शुद्धीवर आल्यावर त्याने मला वाचवले, आणि मी विमानात बसलो.

निर्णयाचा कागद मी फाडला आहे. माधव, किल्ली देवापुढे राहू दे. प्रतिपदेला दत्तू ती उचलील, आणि चारही घरे त्याच्यामागे उभी राहतील. तू त्याच्या हाती तांब्या दे. माझी ज्येष्ठाची पाळीही यापुढे त्याचीच. हे पत्र सभामंडपात मोठ्याने वाच. फौजदाराने बोलावले तर मी येईन. दत्तूने बोलावले तरी येईन. नाही बोलावले तर तो त्याचा अधिकार.

आठ वर्षे घर म्हटले की मला तो लाल वाहणारा गोमुखाचा दगड दिसतो. त्या दिवशी गोमुखातून पहिले पाणी येईल, ते फोनवर दाखवा. ते स्वच्छ दिसले, तर मी सेंगकांगात बसूनही घरी पोहोचेन.

हे पत्र जेथे वाचले जाईल, तेथील भावांची पाने एका पंगतीत मांडली जावोत, लेकराबाळांच्या दोन्ही डोळ्यांत उदंड प्रकाश राहो, आणि त्या घरात वर गेलेला प्रत्येक हात देवापुढे जोडला जावो. शुभं भवतु.