कागदावरचं गळू

बायकोच्या गळ्याला जन्मापासून बारीक छिद्र होतं, त्यातून पाणी झिरपायचं. लग्न जमावं म्हणून माहेरच्यांनी ते लपवलं. पुढं ती डॉक्टरांनाही लग्नानंतरचं गळू सांगायची आणि कागदावर तेच चढायचं. दोनदा गळू म्हणून कापलं, दोनदा ते परत वाहिलं.

तिसऱ्यांदा नाशिकच्या दवाखान्यात केसपेपर करणाऱ्या बाईंनी विचारलं, "कधीपासून आहे?" ती गळू सांगायला लागली, तसं मी म्हणालो, "जन्मापासून लिहा."

बाहेर बाकावर ती म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं?"

"लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून."

"मग तोंडाला कुलूप होतं का?"

तिला लाज वाटेल म्हणून गप्प होतो. जन्मापासूनचं कळल्यावर डॉक्टरांनी या वेळी छिद्रामागची आतली नळीच मुळापासून काढली, आणि त्या ऑपरेशननं छिद्र कायमचं बुजलं. आता ती नाही. माझ्या गप्प बसण्यापायी तिचा गळा दोनदा फुकट कापला गेला, हे काही केल्या मनातून जात नाही.