ॲडा पिंचबेकची खोली

शहात्तर साली पावसाने अशी दडी मारली की आमच्या ऑल्डरबीतली माणसं आंघोळीचं पाणी भाजीच्या वेलांना घालू लागली. जुलैत चर्चशेजारचं मैदान करपलं आणि एका सकाळी त्यात मार्वुड जमीनदारांचा वाडा, मार्वुड हॉल, उमटला. हॉल पाडून चोवीस वर्षं झाली होती, पण जमिनीखाली भिंतींचे पाये शिल्लक होते. त्यांच्यावरचं गवत आधी पिवळं पडलं आणि खोल्या, बोळ, दारं सगळं जिथल्या तिथे दिसायला लागलं.

गावाने दोन दिवस पाहिलं आणि सोडून दिलं. ॲडा पिंचबेकने सोडलं नाही. सत्तरीला टेकलेली ही बाई रोज सकाळी हॅट घालून यायची आणि घरात शिरायची. मैदानात शिरायची असं मी म्हणणार नाही. ती मागच्या दाराने शिरायची, कारण मोलकरणींनी पुढच्या दाराने जायचं नसे. मग बोळातून वळून, दार असेल तिथूनच खोलीत जायची. भिंत तिने एकदाही ओलांडली नाही. पबमधली मंडळी म्हणायची, "म्हातारीला ऊन लागलंय." मला बोलायला तोंडच नव्हतं.

मी वॉल्टर ग्रिम्सन, चर्चचा घंटावाला. घंटाघराची किल्ली माझ्याकडे असते आणि कबरींमधलं गवत कापायचं कामही माझ्याच गळ्यात.

मार्वुड मंडळींची घरं दोन आणि चर्चही दोन. जुनं घर नदीपलीकडे. तिथे आता डुकरं पाळतात. तिथल्या चर्चमध्ये पहिल्या पाच पिढ्या निजल्या आहेत. नंतरच्या सात आमच्याकडे, कबरींवर संगमरवरी पुतळे होऊन, हात जोडून, पायाशी कुत्रा घेऊन. ॲडा चौदाव्या वर्षी हॉलवर कामाला लागली आणि तेव्हापासून या दगडी मार्वुडांची धूळही तीच पुसत आली. शेवटचा मार्वुड युद्धात गेला, घर विकलं गेलं, तरी दर शनिवारी तिचं फडकं चालूच. "सर रॉजरच्या नाकात जाळं झालंय," हे ती अशा काळजीने सांगायची, की सर रॉजरला सर्दी झाली आहे असं वाटावं.

अडतीस साली मी तिला लग्नाचं विचारलं होतं. लग्न झालेल्या मोलकरणीला हॉलवर जागा नसे. ती म्हणाली, "ख्रिसमस होऊ दे, वॉल्टर. बाईसाहेबांकडे चाळीस पाहुणे यायचेत. मग विचार." माझं डोकंच फिरलं. चाळीस पाहुण्यांनंतर माझा नंबर! मी पुन्हा विचारलं नाही आणि तिनेही विषय काढला नाही. आमच्यात ताठा कुणाचा जास्त, हे ठरवायला जगात कुणी जन्मलं नसेल. लग्न दोघांनीही केलं नाही.

बावन्न साली हॉल पाडायला माणसं हवी होती आणि मी रिकामा होतो. घर पाडतात ते वरून. पहिल्याच सोमवारी मी पोटमाळ्याची कौलं उतरवली. त्यानंतर ॲडा माझ्याशी "गुड मॉर्निंग, मिस्टर ग्रिम्सन" यापलीकडे बोलली नाही. चर्चमध्ये मी पुढे केलेलं प्रार्थनेचं पुस्तकसुद्धा ती घ्यायची नाही.

ऑगस्ट संपत आला तेव्हा रेडिओवर सांगितलं, शनिवारी पाऊस. मी मैदानाच्या कडेच्या एका कबरीवर नुसताच बसलो होतो. कापायला गवतच कुठे होतं?

"मिस्टर ग्रिम्सन, जरा इकडे या."

मी उठलो आणि सरळ तिच्याकडे निघालो.

"अहो, भिंतीतून काय येताय? दार तिकडे आहे!"

"कुठे?"

"पाडताना बरं सापडलं होतं!"

चोवीस वर्षांनी बोलणी खाल्ली. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. मी निमूट वळसा घालून मागच्या दाराने आत गेलो.

"पाय पुसा," ती म्हणाली. मी पुसले.

तिने मला घर दाखवलं. "ही भांड्यांची खोली. या बोळात माझी बादली सांडली होती आणि बटलर थेट त्या दारापर्यंत घसरत गेला. ही साहेबांच्या बुटांची खोली. ही जेवणाची. टेबलाला मेण लावायला दोन तास लागायचे." मग एका लहानशा चौकोनापाशी ती थांबली. "इथे मागचा जिना."

"आणि तुझी खोली?"

"ती गवतात कशी येईल? ती वर, पोटमाळ्यावर होती."

एवढं बोलून तिने हॅट नीट केली. ती नीटच होती.

"रोज येते मी. सगळं घर सापडतं, बुटांची खोलीसुद्धा. जिथे सत्तावीस वर्षं निजले तिथे तेवढं जाता येत नाही. एकदा, एकदाच जायचं होतं हो. आता शनिवारी पाऊस आला की हा जिनापण जाईल."

"ॲडा, ती खोली मीच पाडली."

"माहितीये. फाटकाशी उभी होते मी."

त्या खोलीच्या भिंतीला निळ्या फुलांचा कागद होता. तो फाडताना माझे हात थांबले होते, आणि तरी मी फाडला. हे मला तिला सांगता आलं नाही. मी खिशातून किल्ली काढली.

"एक्केचाळीस पायऱ्या आहेत. जमतील?"

"कोळशाच्या बादल्या घेऊन चार मजले चढत होते मी!"

विसाव्या पायरीवर ती खाली बसली. "आज कोळसा नाही बरोबर," मी म्हटलं. "तोंड बंद ठेवा," ती म्हणाली, आणि माझा हात धरून उठली.

घंटांच्या दोरांची खोली वर आहे. तिथली अरुंद खिडकी मी बाहीने पुसायला लागलो, तर मला बाजूला सारून तिने रुमाल काढला. खाली अख्खं घर पसरलं होतं.

"खाली नको बघू. समोर बघ. त्या ओकच्या शेंड्याच्या डावीकडे, अगदी याच उंचीवर. तिसरी खिडकी. रविवारी दोर ओढताना मला इथून दिसायची. तू फडकं झटकायचीस."

"त्या ख्रिसमसनंतरही बघायचास?"

"चौदा वर्षं. खिडकी होती तोवर."

समोर नुसतं आभाळ होतं, पांढरं आणि रिकामं. त्यात ती कितीतरी वेळ बघत राहिली.

"पडदे धुवायला झालेत, वॉल्टर," ती म्हणाली.

"झालेत खरे," मी म्हटलं.